खापराजवळची जागा

धंद्याचा आराखडा चौदा पानांचा होता. त्यातली तेरा पानं कामिनीने सासूला मोठ्याने वाचून दाखवली. नववं पान तिने आठव्याबरोबरच उलटलं, दोन पानं एकमेकांना चिकटली असावीत तसं. बेबाअक्का तेव्हा सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मन्हा बारामा काय लिखं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबद्दल लिहिलंय ना, तिसऱ्याच पानावर." कामिनीने पानं मागे घेतली. "प्रमुख कारागीर, श्रीमती बेबाबाई. खापरावरच्या मांड्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. नशिराबाद, भुसावळ आणि जळगाव इथल्या लग्नघरांत विशेष ओळख."

"विशेष ओळख," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. "वाच, अजून एकदाव वाच."

कामिनीने अजून एकदा वाचलं.

बेबाअक्कांचं माहेर दोंडाईचा. लग्न होऊन नशिराबादला आल्याला त्रेचाळीस वर्षं झाली, पण तोंडातली अहिराणी काही गेली नाही. 'आहे'ला त्या 'शे' म्हणत, म्हणून गल्लीतल्या बायका त्यांना 'शे-वाली अक्का' म्हणायच्या. अक्काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "तुमनं 'हाये' तुमनाजोडे ठेवा," असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागायच्या. त्यांच्या बोलीला हसणाऱ्या सगळ्या जणी घरात कार्य निघालं की त्यांच्याच ओट्यावर यायच्या, कारण मांडे करावेत तर बेबाअक्कांनी, यावर गावात दुमत नव्हतं.

मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण लाटलेली नव्हे. पुरण भरलेला कणकेचा उंडा थोडा थापून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि फिरवत, झेलत वाढवत न्यायचा. तो आधी तळव्याएवढा होतो, मग मनगटं झाकतो, मग कोपरापर्यंत उतरतो. रुमालासारखा पातळ झाला की चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर एका झटक्यात पसरायचा. हात जरा अडखळला की फाटतो. खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, समोर तापलेलं खापर आणि हातात ओली कणीक, त्यामुळे विचार करायला वेळ नसतो. हाताला येतं त्याला येतं.

खापराजवळच्या जागेचाही एक क्रम होता. खापरासमोर एकच बाई बसते. दुसरी बाजूला बसून उंडे भरून देते, तिसरी जाळ बघते. सासू खापराला बसलेली असताना सून तिथे हात घालत नाही. सासू एके दिवशी आपण होऊन उठते, पाटावर हात मारते आणि म्हणते, बस. त्या दिवसापासून ती जागा सुनेची. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण असंच चालत आलं होतं. अक्कांनाही त्यांच्या सासूने असंच बसवलं होतं, एका लग्नात, पंगतीत तीनशे पानं वाट पाहत असताना.

कामिनी रावेरची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बी. कॉम. झालेली, फोनवर ऑर्डर घेणारी, कुणाला किती आणि कधी हे वहीत टिपून ठेवणारी, उंडे भरणारी. नऊ वर्षांत अक्कांनी तिला 'बस' म्हटलं नव्हतं. त्यात कद्रूपणा नव्हता. "तुले काबरं जाळ?" असं त्या म्हणायच्या. हातावरचे भाजल्याचे डाग दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हाई बठ्ठं मन्हं शे. तू आपली फोन उचल."

मागच्या पोळ्याच्या सुमाराला अक्कांचा उजवा हात थरथरू लागला.

कामिनीचा नवरा हितेंद्र जळगावच्या एका डाळमिलमध्ये पाळीवर होता. त्याने आईला तिथल्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते हितेंद्रला आणि कामिनीला. गोळ्या देवळीत देवाशेजारी ठेवल्या गेल्या. अक्का त्यांना शक्तीच्या गोळ्या म्हणत आणि बाकीचे दोघेही तसंच म्हणू लागले. चहा कपाऐवजी पेल्यात आणि अर्धाच येऊ लागला. याविषयी घरात कुणीही एक वाक्य बोललं नाही.

मांडे फाटू लागले. फाटलेला मांडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा अक्कांचा नियम. तो घडी घालून बाजूला ठेवायचा, घरासाठी. आधी महिन्यातून एखादा असायचा. दसऱ्यापर्यंत घरात आठवड्यातून चार दिवस मांडे होऊ लागले.

"पुन्हा मांडे?" एकदा हितेंद्र ताटावर बसता बसता म्हणाला. "आपल्या घरची लग्नसराई काही संपत नाही, बाई!"

अक्का चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. हितेंद्रने दोन मांडे संपवले आणि तिसरा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अक्का आडव्या झाल्यावर, कामिनी शेजारच्या लताबाईंकडे गेली. लताबाई बारा वर्षं अक्कांच्या हाताखाली उंडे भरत होत्या. नंतर सुनेने स्वयंपाक हातात घेतल्यावर त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनाही मांडा येत होता, पण अक्का त्यांच्या मांड्याला 'लताना रोटला' म्हणायच्या, कारण त्याची कड जाड राहायची.

"मला शिकवा," कामिनी म्हणाली.

"मी? आन् घरात अख्खी बेबाअक्का असताना?"

"त्यांना कसं सांगू? मला शिकवा म्हटलं की तुम्ही आता उठा, असंच होतं ते."

लताबाई म्हणाल्या, "अक्काले कयलं त मले गल्लीत राहू देनार नाही."

पहिले पंधरा दिवस कामिनीने ओलं धोतराचं फडकं हातावर फिरवलं. मग कणीक. "कोपर वर घे वं, कोपर! मांडा काय झोपायले आला का?" लताबाई ओरडायच्या, आणि मग भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल म्हणून स्वतःच तोंडावर पदर घ्यायच्या. पाच महिने रोज दुपारी कामिनी शेजारी जात राहिली. घरी सांगायची, लताबाईंच्या सुनेला मोबाइलवरचं काही समजावून द्यायचं आहे.

जानेवारीत धुळ्याच्या एका संस्थेचं पत्रक तिच्या फोनवर आलं. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांसाठी सहा रविवारचं शिक्षण होतं, शेवटी प्रत्येकीने आपल्या धंद्याचा विपणन आराखडा लिहायचा होता. ज्यांचे आराखडे पसंत पडतील अशा तिघींना जळगावजवळ महामार्गावरच्या नव्या खाद्यदालनात वर्षभरासाठी गाळा मिळणार होता. कामिनीने नाव नोंदवलं. अक्कांनीच तिला पहिल्या रविवारी बसथांब्यापर्यंत सोडलं.

शिकवायला नवीन नावाचा तरुण होता, बायका त्याला नवीन सर म्हणायच्या. तो फळ्यावर मथळे लिहायचा. ग्राहक कोण? तो आज काय घेतो? तुमचंच का घ्यावं? कामिनीला हे काम आवडलं. खूप वर्षांनी कुणीतरी तिला वही-पेन घेऊन बसायला सांगितलं होतं. ग्राहकाच्या मथळ्याखाली तिने लिहिलं, 'जळगाव शहरातली अशी कुटुंबं, ज्यांच्या घरात खापर नाही, चूल नाही, पण अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसाबरोबर मांडाच लागतो.' वेष्टनासाठी तिने माहेरच्या केळीच्या पानांचा उपाय लिहिला, कारण प्लास्टिकमध्ये मांडा घामेजतो. मांड्याचा आकार लिहायचा होता म्हणून तिने शिवणाची टेप आणून खापरावरचा मांडा मोजला.

"मांडानं माप?" अक्का म्हणाल्या. "आते त्याले सदरा शिवस का?"

मग तिने जुन्या वहीतून साठ गिऱ्हाइकं निवडली आणि एकेकाला फोन लावला. चार प्रश्न. बहुतेकांनी कौतुक केलं. अकरा जण थोडं थांबून बोलले. एकीने सांगितलं, यंदा जरा लहान वाटले. दुसरी म्हणाली, मध्ये जाड होते. तिसरीने अक्कांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. कामिनीने अकराच्या अकरा उत्तरं शब्दशः उतरवून घेतली.

कमकुवत बाजूच्या मथळ्याखाली तिने आधी 'धूर' लिहिलं होतं. नवीन सरांनी त्यावर लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'ही अडचण झाली. तुमचा धंदा उद्या बंद पडला तर कशामुळे पडेल, ते लिहा. आराखडा वाचणाऱ्याशी खोटं बोलू नका.'

ती वही तीन दिवस फळीवर तशीच पडून होती. चौथ्या दिवशी दुपारी लताबाईंकडून आल्यावर, हाताची कणीक धुऊन, कामिनीने नववं पान लिहिलं.

'प्रमुख कारागिरास मागील सहा महिन्यांपासून हस्तकंपाचा विकार आहे. परिणामी उत्पादनात सातत्य राहत नाही. दूरध्वनी पाहणीत साठपैकी अकरा ग्राहकांनी आकार व जाडी याबाबत नाराजी नोंदवली. उपाय : पर्यायी कारागीर म्हणून सून कामिनी हिने पाच महिन्यांचे प्रशिक्षण घेतले असून वर्षभरात मुख्य काम टप्प्याटप्प्याने तिच्याकडे सोपवण्यात येईल.'

भाषा तिने मुद्दाम अशी निवडली होती. अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. लग्नपत्रिका वाचायच्या, एसटीवरच्या पाट्या वाचायच्या. हस्तकंप आणि सातत्य आणि पर्यायी कारागीर, यांतून त्यांना काही लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. तरीही घरी वाचून दाखवताना ते पान तिच्या तोंडून निघालं नाही.

संस्थेचं बोलावणं आलं त्यात एक ओळ होती. निवडीच्या दिवशी प्रमुख कारागिराने प्रत्यक्ष उपस्थित राहून पदार्थ करून दाखवावा. कामिनीने नवीन सरांना फोन केला.

"सर, नववं पान सगळ्यांसमोर दाखवाल का?"

"नाही हो. पडद्यावर पहिली चार पानं असतात. का?"

"काही नाही."

मार्चच्या एका सोमवारी दोघी जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसल्या. खापर गोणपाटात, भोवती भुसकट घालून बांधलेलं. कंडक्टर ते मागे ठेवायला सांगत होता. अक्कांनी ऐकलं नाही. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, खापर त्यांच्या मांडीवरच होतं. ठेवणीतलं निळं लुगडं त्या नेसल्या होत्या. "पुढला टाइमले दोंडाईचाले जाऊत," त्या म्हणाल्या. "धुळं उनं म्हंजे मन्हं माहेर जोडेच उनं."

सभागृहात नऊ जणी होत्या. कुणाचे नागलीचे पापड, कुणाची शेव. कामिनीचा पाचवा क्रमांक. पडद्यावर खरोखरच चारच पानं आली. ती नीट बोलली, कुठे अडली नाही. अक्का पहिल्या रांगेत बसून होत्या. 'विशेष ओळख' हे शब्द आले तेव्हा त्यांनी शेजारच्या शेववाल्या बाईकडे वळून पाहिलं.

निवड करणाऱ्या तिघांत सुनिताताई नावाच्या एक होत्या. शिंदखेड्याकडच्या, पन्नाशीच्या, स्वतः मसाल्यांचा मोठा धंदा उभा केलेल्या. त्यांच्यासमोर आराखड्याची छापील प्रत होती. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती, कारण त्या प्रत्येक प्रत वाचून येणाऱ्यांतल्या होत्या.

"मला यांचं नववं पान फार आवडलं," त्या म्हणाल्या. "नऊ जणींत एकीनेच खरं लिहिलंय." मग त्यांना समोर अक्का दिसल्या. अक्का कुठल्या, हे पहिल्या पानावर होतं. सुनिताताईंचा चेहरा उजळला आणि त्या अहिराणीत बोलू लागल्या, जसं माहेरचं माणूस भेटल्यावर बोलावं तसं.

"अक्का, तुमना हात आते थरथरतस ना? सूनबाईनी काहीच लपाडं नही. मांडा फाटतस, गिऱ्हाइक बोलतस, बठ्ठं लिखेल शे. आनि पाच महिनापासून ती सोता मांडा शिकी राहिनी, तुमनी जागा सांभाळाले. कितली गुणनी सून शे तुमनी!"

सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या मनापासून होत्या. अक्कांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरला आणि मान हलवली.

"हा," त्या म्हणाल्या. "गुणनी शे."

मागच्या अंगणात विटांच्या चुली मांडल्या होत्या. कामिनीने खापर गोणपाटातून काढलं, पुसलं, जाळावर उपडं ठेवलं. तिला अक्कांकडे बघवत नव्हतं. तिने पाट खापरासमोर ठेवला, नेहमीसारखा, अक्कांसाठी. स्वतः बाजूला उंड्यांच्या परातीपाशी बसायला वळली तर तिथे अक्का आधीच बसल्या होत्या. मांडी घालून, परात पुढे ओढून. त्यांनी पाटावर हात मारला नाही, 'बस' म्हटलं नाही. नुसता एक उंडा भरून पुढे धरला.

"अक्का, तुम्ही..."

"लोके थांबेल शेतस."

कामिनी बसली. उंडा हातावर घेतला. पहिल्या दोन फिरक्यांत तिचे हात गार होते, मग कणीक ऐकू लागली. मांडा मनगटावरून उतरला, कोपरापर्यंत आला. खापरावर पडला तो अखंड, गोल, कुठेही न फाटता. सुनिताताई 'वा' म्हणाल्या. नवीन सर फोनवर चित्रण करत होते. अक्का मांड्याकडे पाहत नव्हत्या. त्या कामिनीच्या कोपराकडे पाहत होत्या.

दुसरा मांडा पडल्यावर त्या हळूच, फक्त कामिनीला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाऊ ते लताना हात शे."

पानावर लताबाईंचं नाव नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. पण उजवं कोपर आधी वर जातं आणि कडेला जरा कणीक राहते, हे लताबाईंच्या हातचं अक्का बारा वर्षं बघत आल्या होत्या, हसत आल्या होत्या. माणसाचं अक्षर ओळखावं तसं त्यांनी ओळखलं.

गाळा मिळाला. निकाल त्याच दिवशी सांगितला. परतीच्या बसमध्ये कामिनी वाट बघत होती, अक्कांनी काही बोलावं म्हणून. रागवावं, निदान तोंड फिरवावं. अक्का बोलल्या, पण पऱ्हाट्या संपत आल्या आहेत, यंदा तुरीच्या काड्या आणाव्या लागतील, याविषयी. पारोळ्याला त्यांनी खिडकीतून उसाचा रस मागवला आणि आधी कामिनीला दिला.

"अक्का, मी तुम्हाला सांगणार होते," ती शेवटी म्हणाली.

"पी. गरम व्हयी जाई."

दुसऱ्या दिवसापासून अक्का खापराला बसल्या नाहीत. पहाटे उठून पुरण शिजवायच्या, उंडे भरायच्या, एकाला एक जुळणारे, जणू साच्यातून काढलेले. जाळ नीट आहे का, असं विचारलं तर म्हणायच्या, "तुले समजस तसं कर." पूर्वी त्या दिवसाला दहा वेळा ओरडायच्या. कणीक घट्ट, पुरण सैल, फोन किती वाजतो, तू कुठे बघतेस. आता घरात खापरावर पीठ चरचरल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच लताबाईंना बोलावणं पाठवलं. लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडात धरून. "अक्का, तिनं लई गयावया केली वं, मी काय करू?"

"बस, लता," अक्का म्हणाल्या. "तिले उंडा भरी दे. तुन्हा हातले तिना हात जुळस."

लताबाई रडू लागल्या. अक्का देवळीतली गोळी घेऊन आत निघून गेल्या.

हितेंद्र म्हणाला, होईल नीट, आईचा राग फार टिकत नाही. कामिनीला माहीत होतं की हा राग नाही. रागाला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

अखाजीला लेकी माहेरी जातात. दोंडाईचाहून अक्कांचे धाकटे भाऊ पितांबर आबा दर वर्षी फोन करायचे, तुला न्यायला मुऱ्हाळी पाठवू का? अक्का दर वर्षी हसायच्या, अखाजीला शंभर घरांत मांडे जायचे असतात, मी कुठली येते? तीस वर्षांत त्या अखाजीला माहेरी गेल्या नव्हत्या. यंदा फोन आला तेव्हा कामिनी शेजारीच होती.

"हा, धाडी दे," अक्का म्हणाल्या.

अखाजीच्या आठवड्यात कामिनी आणि लताबाईंनी मिळून चारशे बारा मांडे केले. आराखड्यात तिने साडेतीनशेचा अंदाज बांधला होता. नव्या गाळ्याची पाटी लागली, 'बेबाअक्कांचे मांडे'. लोक यायचे, खायचे, पाटीकडे बघून विचारायचे, अक्का कुठे आहेत? माहेरी गेल्यात, असं ती सांगायची. लोक कौतुकाने हसायचे.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. अक्का आल्या नाहीत. कामिनीने एक दिवस गाळा लताबाईंवर सोपवला आणि सकाळच्या गाडीने दोंडाईचाला गेली.

पितांबर आबांचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. ओट्यावर अक्का बसल्या होत्या, भावजय त्यांच्या केसांना तेल लावत होती. आबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"ये, ये," आबा म्हणाले. "दख बेबा, तुन्हा मुऱ्हाळी उना. आते सासर जानं पडी!"

अक्का हसल्या. चहा आला. अक्कांना कपबशीतच आला, काठोकाठ, आणि बशीत सांडला.

"सांडा का?" आबा म्हणाले. "बेबाना हात दिवसभर नाचस. वाजंत्री नही लागस, काही नही."

"तुन्हा लग्नमा नाचानं उरेल शे ते," अक्का म्हणाल्या आणि सगळे हसले. त्याही हसल्या, बशी तोंडाला लावता लावता. भावजयीने पदरानेच त्यांची हनुवटी पुसली आणि पुन्हा तेल लावायला लागली.

कामिनी हातातला कप धरून बसून राहिली. नशिराबादच्या घरात आठ महिन्यांत या हाताचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तिने घेतलं तेही कागदावर, सभागृहासाठी, अक्कांना कळू नये अशा भाषेत.

जेवणं झाल्यावर दोघी एकट्या राहिल्या. कामिनीने त्यांचे पाय धरले.

"अक्का, चला घरी."

"तिठे आते मन्हं काय काम शे?"

"काम नका करू. नुसत्या बसा. तुम्ही रागवा माझ्यावर, बोला काहीतरी."

"राग नही वं." अक्कांनी तिला उठवून शेजारी बसवलं. "हात थरथरस ते माले बी दिखस. तू लिखं ते बी खरंच शे. तू माले ते पान वाची दखाडती ना, ते मी त्याच घडी उठी जाती. तुले सांगती, बस. मी सोता शिकाडती तुले. मन्ही सासू उठनी, तिनी माले बसाडं. मी कोणलेच बसाडं नही. तू लताकडे गयी."

"मला वाटलं, तुम्हाला लागेल."

"हा. माले समजस."

गाडीची वेळ झाली. अक्कांनी भावजयीला हाक मारली. पाट मांडला, कामिनीला त्यावर बसवलं. भावजयीने ताट आणलं. त्यात गहू, नारळ, खण, हळदीकुंकू. पाहुणी म्हणून आलेल्या सवाष्णीला रिकामं पाठवत नाहीत, तेवढाच त्याचा अर्थ. कामिनी नऊ वर्षं अक्कांच्या घरात राहिली होती. घरच्या माणसाची अशी पाठवणी होत नाही.

अक्का विधवा, म्हणून कुंकू भावजयीने लावलं. पण ओटीचे गहू अक्कांनीच घातले. भावजयीने सहज त्यांचं मनगट आधाराला धरलं आणि दोघींनी मिळून ओंजळ रिकामी केली. चार दाणे पाटावर सांडले.

"कधी येणार, अक्का?"

"दखसू," अक्का म्हणाल्या. "सुखनी ऱ्हाय."

गाडीत गर्दी नव्हती. नरडाणा गेल्यावर समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने तिच्या मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं, कपाळाच्या ताज्या कुंकवाकडे पाहिलं.

"माहेरथून चालनी का, बेटा?"

"नाही," कामिनी म्हणाली. "सासूबाईंकडून."

बाईने थोडा विचार केला. "मंग तू कोठे चालनी?"

कामिनीने सांगितलं, नशिराबादला, घरी. बाईला ते काही जुळेना. सासू इथे, सून तिकडे. पण रडणाऱ्या बाईला जास्त विचारू नये एवढं तिला कळत होतं. ती उठून कामिनीच्या शेजारी येऊन बसली आणि अमळनेर येईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली.